कुंडीतील वनौषधी आणि पेल्यातील फांट

औषधी चहा या नावाने आज घरोघरी जे पेय घेतले जाते, ते आपणांस नवे नाही. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या पंचविध कषायकल्पनांपैकी फांट म्हणजेच हा चहा होय. शार्ङ्गधराने मध्यमखंडात त्याचे प्रमाण स्पष्ट दिले आहे. एक पल भरड द्रव्य मातीच्या पात्रात एक कुडव, म्हणजे चार पल, उष्ण जलात टाकावे, वस्त्राने गाळावे आणि दोन पल मात्रेत द्यावे. क्वाथासाठी मात्र सोळा पट पाणी घेऊन ते आठव्या हिश्शापर्यंत आटवावे लागते. रुग्ण या दोन्ही कल्पनांस सरसकट 'काढा' म्हणतो. आपणही तो शब्द तसाच स्वीकारला, तर पुढील सर्व गोंधळास आपणच कारण ठरतो.

घरी लावलेल्या वनस्पतीस शास्त्राचाही आधार आहे. सामान्यतः आर्द्र द्रव्य शुष्क द्रव्याच्या दुप्पट घ्यावे अशी परिभाषा आहे. परंतु गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी इत्यादी द्रव्ये सदैव आर्द्रच वापरावीत व ती दुप्पट करू नयेत, असा अपवादही सांगितला आहे. बाजारातील वर्षभर साठविलेल्या कांडांपेक्षा अंगणातील ताजी गुळवेल आणि कुंपणावरचा अडुळसा या दृष्टीने श्रेष्ठ ठरतात.

लागवड अवघड नाही. कुंडीच्या तळाशी छिद्र असावे व पाणी साचू नये. गुळवेल व अडुळसा पावसाळ्याच्या आरंभी कांडीपासून लागतात. गुळवेलीस चढण्यासाठी आधार द्यावा. गवती चहाचा ठोंब विभागून लावावा. आल्याचा डोळा असलेला तुकडा वैशाख-ज्येष्ठात पुरावा. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडल्यास पाने भरपूर येतात. या कुंड्यांवर कीटकनाशक फवारू नये, हे रुग्णास मुद्दाम सांगावे. तुळस, गवती चहा, पुदिना ही सुगंधी द्रव्ये उकळू नयेत. त्यांचा फांट झाकण ठेवून करावा, अन्यथा त्यांतील उडनशील तेल वाफेबरोबर निघून जाते. याउलट गुळवेलीचे कांड कठीण असल्याने ते कुटून त्याचा क्वाथ अथवा हिम करणेच युक्त होय.

येथवर सर्व सुखकर आहे. तथापि कुंडी रुग्णाच्या घरी गेली की औषधाची ओळख, मात्रा आणि कालमर्यादा या तिन्ही गोष्टी आपल्या हातून सुटतात. याचा कटू अनुभव आपल्या व्यवसायास अलीकडेच आला आहे. 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत असंख्य कुटुंबांनी गुळवेलीचा काढा नित्य घेण्यास आरंभ केला. त्यानंतर मुंबईतील यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर वनस्पतीची ओळख निश्चित न केल्याचा आक्षेप घेतला व फेब्रुवारी 2022 मध्ये गुळवेल आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद सांगणारी सूचना काढली. त्या सूचनेनुसार खऱ्या गुळवेलीचे, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाचे, कांड हिरवट असून त्यावर गाठी नसतात, कापल्यावर दुधाळ स्राव येत नाही, फुलास सहा पाकळ्या असतात व फळे गोल, लाल असतात. क्रिस्पाचे कांड राखाडी व गाठाळ असते, स्राव दुधाळ असतो, पाकळ्या तीन आणि फळे लंबगोल, नारिंगी असतात.

ही लक्षणे प्रत्येक वैद्याने पाठ करावीत. पण तेवढ्यावर आपण सुटलो असे मानू नये. 2022 मध्येच देशातील 13 केंद्रांतून 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मिळालेल्या नमुन्यांची जनुकीय तपासणी केली असता ती वनस्पती कॉर्डिफोलियाच असल्याचे आढळले. त्या रुग्णांत आधीपासून यकृतविकार असलेले अनेक होते, तसेच स्वप्रतिकार स्वरूपाच्या यकृतशोथाची लक्षणेही दिसली. या अभ्यासावर मतभेद होऊ शकतात. मात्र तो दुर्लक्षिणे रुग्णहिताचे नाही. प्रकृती, बल, काल आणि मात्रा पाहिल्याविना औषध देऊ नये हे तर आपलेच शास्त्र सांगते. घरोघरी नित्य, अमर्याद काढा पिणे हे त्या शास्त्राचेच उल्लंघन होय.

म्हणून आमची विनंती अशी की, वैद्याने कुंडीतील द्रव्य सुचविताना ते तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्यावे. वनस्पती, वापरावयाचा भाग, कल्पना, ग्रॅममध्ये मात्रा व किती दिवस, हे पाच मुद्दे त्यात असावेत. 'मूठभर' किंवा 'चार पाने' हे माप नव्हे. प्रत्येकाची मूठ निराळी. यकृतविकार वा स्वप्रतिकार विकाराचा इतिहास असलेल्यास गुळवेल देऊ नये. कावीळ, गडद मूत्र, अरुची व थकवा दिसताच ती बंद करून यकृताच्या रक्ततपासण्या कराव्यात. अडुळशातील व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन वाढविते, हे प्रयोगांत दिसलेले असल्याने गर्भिणीस अडुळशाचा काढा सुचवू नये. मधुमेहाची औषधे चालू असल्यास गुळवेल देताना रक्तशर्करेकडे लक्ष ठेवावे.

औषधालयाच्या चालकांचीही येथे मोठी जबाबदारी आहे. रोपे वा कांड्या विकावयाच्या असल्यास त्या ओळख पटलेल्या मातृवेलीपासूनच घ्याव्यात, कुंडीस शास्त्रीय नावाची पट्टी लावावी आणि रस्त्याकडेची वेल तोडून आणणाऱ्या गिऱ्हाइकास ती आधी वैद्यास दाखविण्यास सांगावे. यासाठी वेगळा खर्च नाही. थोडा वेळ मात्र द्यावा लागेल.

घरची तुळस आणि गुळवेल ही आपल्या चिकित्सेची प्रतिष्ठा वाढवू शकतात आणि घालवूही शकतात. ती राखण्याचे काम कुंडीशेजारी लिहिलेल्या त्या चार ओळींपासून सुरू होते, असे आम्हांस वाटते.