पेशी मारणारं सेरामाइड क्रीममध्ये कसं चालतं?

सेरामाइडबद्दल वाचायला घेतलं की आपण दोन वेगळ्या पदार्थांबद्दल वाचतोय असं वाटतं. पेशीविज्ञानाच्या पेपरमध्ये ते पेशीला मृत्यूचा संकेत देतं, आणि मेडिकलच्या दुकानात तेच नाव मॉइश्चरायझरच्या डबीवर दिसतं. मग पेशी मारणारी गोष्ट आपण चेहऱ्याला का लावतो? पीएचडीच्या मुलाखतीत शोभेल असा हा प्रश्न आहे.

आधी रचना

स्फिंगोसिन या लांब साखळीच्या रेणूला अमाइड बंधाने एक मेदाम्ल जोडलं की झालं सेरामाइड. थुडिकम यांनी १८८४ मध्ये मेंदूतल्या या कोड्यात टाकणाऱ्या पदार्थाला स्फिंक्सवरून नाव दिलं. मेदाम्ल जोडणारी सेरामाइड सिंथेज एन्झाइम्स सस्तन प्राण्यांत सहा आहेत आणि प्रत्येकाची साखळीच्या लांबीची आवड वेगळी. म्हणजे सेरामाइड हा एक रेणू नाही, ते अख्खं कुटुंब आहे. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

मृत्यूचा संकेत

१९९३ मध्ये ओबेद, हन्नून आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या पेशींना सी२-सेरामाइड दिलं. पेशींचा डीएनए तुकडे होऊन तुटला, म्हणजे अपोप्टोसिस. पण त्या पेपरमधला कंट्रोल बघा: डायहायड्रोसेरामाइड. फरक फक्त एका दुहेरी बंधाचा, आणि परिणाम शून्य! म्हणजे 'कुठलंही मेद ओतलं तरी पेशी मरतात' ही शंका तिथेच निकालात निघाली. एक मर्यादाही लक्षात ठेवा. सी२ ही पेशीत सहज शिरावी म्हणून वापरलेली आखूड साखळी आहे. पेशीतली नैसर्गिक सेरामाइड्स बहुतेक १६ ते २४ कार्बनची असतात.

त्वचेत मात्र भिंत

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशी आधीच मृत असतात. त्यांना विटा म्हटलं, तर मधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्लं. या मेदाचं जवळपास निम्मं वजन सेरामाइडचं.

मग खालच्या जिवंत पेशी एवढं सेरामाइड बनवताना मरत कशा नाहीत? त्या त्यावर साखरेचा रेणू चढवतात, ग्लुकोसिलसेरामाइड म्हणून छोट्या पिशव्यांत भरतात आणि पेशीबाहेर सोडतात. साखर निघते ती बाहेर गेल्यावर. ती काढणारं एन्झाइम म्हणजे गोशे रोगात कमी पडणारं तेच ग्लुकोसेरेब्रोसिडेज. हे एन्झाइम पूर्ण नसलेली उंदरांची पिल्लं जन्मल्यावर दिवसभरात दगावतात, आणि त्यांची त्वचा पाणी धरून ठेवू शकत नाही.

मग क्रीमचं काय?

ॲसिटोनने त्वचेची भिंत मोडलेल्या उंदरांवर १९९३ मध्येच एलियास यांच्या गटाने प्रयोग केला. तीन मेदांपैकी एक किंवा दोनच लावली तर दुरुस्ती उलट लांबली. तिन्ही समप्रमाणात लावल्यावर ती नेहमीच्या वेगाने झाली. त्यामुळे डबीवर नुसतं 'सेरामाइड' वाचून भागत नाही, सोबत काय आहे तेही बघायला हवं. 'सेरामाइड एनपी' लिहिलं असेल तर ते साधं मेदाम्ल अधिक फायटोस्फिंगोसिन.

तर मुलाखतीतलं उत्तर असं: रेणूचं काम त्याच्या नावावर नाही, साखळीवर आणि जागेवर ठरतं. पुढच्या वेळी 'सेरामाइडमुळे अमुक होतं' असं वाक्य दिसलं, तर आधी मेथड्स उघडा आणि कुठलं सेरामाइड वापरलंय ते शोधा.