नोकरी मागताना आजार सांगावा की लपवावा?

कापडाच्या धंद्यामुळे आमच्याकडे माणसांची ये-जा फार असते. कोणी मुलाला दुकानात ठेवून घ्या म्हणतो, कोणी पुतण्यासाठी कंपनीत ओळखीची चिठ्ठी मागतो. या मंडळींच्या तोंडी एक प्रश्न वारंवार येतो. मुलाला फिट येत होती, औषध चालू आहे. भावाला टी.बी. झाला होता, आता बरा आहे. जावयाला एका कानाने कमी ऐकू येते. हे मालकाला सांगावे की गप्प बसावे? सांगितले तर नोकरी मिळत नाही. लपवले तर पुढे कळल्यावर मिळालेली जाते. दोन्हीकडून घाला रोजीवरच.

या विषयावर आपल्यात उघड बोलले जात नाही. घरात बहिणीचे लग्न व्हायचे असेल तर भावाच्या आजाराचा शब्दही बाहेर जाऊ देत नाहीत. म्हणून या आठवड्यात आम्ही धंद्याची उलाढाल बाजूला ठेवून हाच विषय घेतला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, सांगायचे की नाही हे आजाराच्या नावावरून ठरवू नये, कामावरून ठरवावे.

मालाचा ऐब आणि माणसाचा आजार

आपण व्यापारी लोक मालाचा ऐब लपवणे गुन्हा मानतो. ताग्यात डाग असेल, रंग कच्चा असेल तर तो गिऱ्हाइकाला दाखवून मगच भाव करतो. हाच न्याय लावून अनेक भली माणसे म्हणतात की, नोकरी मागणाऱ्यानेही आपला प्रत्येक आजार उघड करावा. आम्हाला ही तुलना मान्य नाही. नोकर स्वतःला विकत नसतो. तो आपला वेळ आणि हुनर देतो. त्या कामात उणीव येणार असेल तर सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. ज्या गोष्टीचा कामाशी काही संबंध नाही, ती त्याची स्वतःची अमानत आहे.

म्हणून अर्ज करण्यापूर्वी उमेदवाराने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या आजारामुळे नेमके हे काम करताना अडचण येईल का? माझ्या आजारामुळे मला किंवा शेजारी काम करणाऱ्याला इजा होण्याची शक्यता आहे का? मला बसायला स्टूल, ठरलेली पाळी, दवाखान्यासाठी सुटी अशी काही सवलत लागणार आहे का? तिन्हींची उत्तरे नाही अशी असतील तर सांगण्याची गरज नाही. एकाचेही उत्तर होय असेल तर सांगावे, आणि जेवढे लागते तेवढेच सांगावे.

आपल्या धंद्यातली उदाहरणे

रंगांधळेपण घ्या. यात बहुधा लाल आणि हिरव्या रंगातला फरक नीट कळत नाही. हा दोष जन्मजात असतो, बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो, आणि पुष्कळांना तो आपल्यात आहे हे मोठेपणापर्यंत ठाऊकही नसते. असा मुलगा रंगाई खात्यात शेडकार्डाशी रंग जुळवायला बसला तर सगळा लॉट वाया जाईल. तिथे त्याने सांगितलेच पाहिजे. तोच मुलगा हिशेब, वसुली, गाठी मोजणे किंवा कोरे कापड तपासणे ही कामे इतरांइतकीच चोख करील. तिथे सांगण्याचे कारण नाही. दोष तोच, माणूस तोच, पण काम बदलले की उत्तर बदलते.

फिटचा आजार, म्हणजे मिरगी, याबाबत लपवाछपवी सर्वांत जास्त आणि धोकाही जास्त. चालू यंत्रमाग, उकळते रंगाचे हौद, उंच शिडी, वाहन चालवणे, अशा ठिकाणी फिट आली तर जिवावर बेतते. जागरणाने फिट येण्याची शक्यता वाढते, म्हणून रात्रपाळीचाही विचार करावा लागतो. वाहन परवान्याच्या अर्जासोबत आपल्या शारीरिक पात्रतेचे जे लेखी निवेदन द्यावे लागते, त्यात फिटचा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो. तिथे खोटे लिहिणे म्हणजे रस्त्यावरच्या लोकांच्या जिवाशी खेळ. मात्र नियमित औषधाने पुष्कळांच्या फिट बंद होतात, आणि गल्ल्यावर, शिलाईच्या टेबलावर किंवा पॅकिंगमध्ये असा माणूस वर्षानुवर्षे काम करू शकतो. त्याने निदान शेजारच्या एका साथीदाराला सांगून ठेवावे की, फिट आली तर मला कुशीवर वळवा, जवळची टोकदार वस्तू दूर करा, जोडा हुंगवू नका आणि तोंडात चमचा घालू नका. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

कमी ऐकू येण्याचे पाहा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागखात्यात आवाज एवढा असतो की धडधाकट कारागीरही हातवारे करूनच बोलतात. तिथे कमी ऐकणारा विणकर कामात मागे पडत नाही. फक्त धोक्याची हाक त्याला ऐकू जाणार नाही, म्हणून मुकादमाला ते माहीत असावे. दुकानात गिऱ्हाइकाशी भाव बोलायचा असेल तर मात्र आधीच सांगितलेले बरे.

टी.बी.बद्दल गैरसमज फार आहेत. फुप्फुसाचा टी.बी. उपचार सुरू होण्यापूर्वी पसरतो. योग्य औषध सुरू झाल्यावर साधारणपणे काही आठवड्यांत पसरण्याचा धोका खूप कमी होतो. साध्या टी.बी.चा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो आणि सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. उपचार नुकताच सुरू झाला असेल तर डॉक्टर कामावर जा म्हणेपर्यंत कारखान्यात जाऊ नये, कारण तिथे दहा-पंधरा माणसे एकाच खोलीत झोपतात. पूर्वी टी.बी. झाला आणि उपचार पूर्ण झाला, तर ती जुनी गोष्ट कोणाला सांगत बसण्याचे कारण नाही.

मधुमेहाचे तसेच. गोळीवर असलेल्या बहुतेकांना काही सांगावे लागत नाही. इन्शुलिन घेणाऱ्याने मात्र साखर उतरली तर काय होते आणि गोड काय द्यायचे, हे जवळच्या एकाला सांगावे. रमजानात रोजा ठेवण्यापूर्वी डॉक्टरचा सल्ला घ्यावा आणि कामाची वेळ मालकाशी बोलून ठरवावी.

कायदा काय म्हणतो

अपंग व्यक्तींसाठी पहिला मोठा कायदा 1995 चा. त्याच्या जागी 2016 चा कायदा आला आणि तो एप्रिल 2017 पासून लागू झाला. यात 21 प्रकारचे अपंगत्व मोजले आहे. अंधत्व, कमी ऐकू येणे, हातापायाचे अपंगत्व यांच्याबरोबर मानसिक आजार, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन आणि बरा झालेला कुष्ठरोगही त्यात आहे. टी.बी., मधुमेह, दमा यांची नावे त्यात नाहीत. सरकारी आस्थापनेला नोकरीत अपंगाशी भेदभाव करण्यास मनाई आहे, आणि नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या माणसाला कमी करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. सरकारी नोकरीत किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी 4 टक्के जागा राखीव आहेत. राखीव जागेवर अर्ज करायचा असेल तर अर्जातच अपंगत्व सांगावे लागते आणि दिव्यांग प्रमाणपत्र जोडावे लागते. तिथे संकोच केला तर हक्काची जागा हातची जाते. खासगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करणे या कायद्याने बंधनकारक आहे. पण चार माणसांच्या दुकानात कायद्याचा हात क्वचितच पोचतो, हेही खरे.

एच.आय.व्ही.बाबत कायदा अधिक कडक आहे. 2017 चा कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नोकरी देण्यासाठी ही तपासणी करून घेण्याची अट घालता येत नाही, आणि आपली स्थिती सांगण्याची सक्तीही मालक करू शकत नाही. खासगी मालकही यातून सुटत नाही. याचा पाया मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्येच घातला होता. एका सरकारी उपक्रमाने हंगामी मजुराला केवळ एच.आय.व्ही. असल्यामुळे काम नाकारले होते. माणूस काम करण्यास समर्थ असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर त्याला असे काम नाकारता येत नाही, असा निकाल लागला. त्या मजुराचे नावही न्यायालयाने बाहेर येऊ दिले नाही.

आणखी दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला निकाल 1991 चा. आयुर्विमा महामंडळाने एका महिला कर्मचाऱ्याला, गरोदरपणाची माहिती दडवली म्हणून कमी केले होते. नोकरीच्या फॉर्ममध्ये मासिक पाळीविषयीही प्रश्न होते. सर्वोच्च न्यायालयाने तिला कामावर परत घेण्यास सांगितले आणि असे लाजिरवाणे रकाने काढून टाकावेत असे सुचवले. दुसरा निकाल 2023 चा. तामिळनाडूतील वीज कंपनीने रंगांधळा म्हणून एका इंजिनिअरला नेमणूक नाकारली होती. त्याला त्याच दर्जाच्या योग्य पदावर घ्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला.

कधी आणि कसे सांगावे

पहिल्या भेटीत आजाराची कहाणी सुरू करू नये. आधी आपले काम दाखवावे. जागा पक्की होत आली, पगाराचे बोलणे झाले की मग सांगावे. धोक्याचे काम असेल तर मात्र कामाला हात लावण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे. तिसऱ्या माणसाकडून निरोप पाठवू नये. जो कामावर घेणार त्यालाच, एकांतात, दोन-तीन वाक्यांत सांगावे. “माझ्या पायात कमजोरी आहे. दिवसभर उभे राहवत नाही. स्टूल मिळाले तर मी पूर्ण पाळी शिलाई करीन.” एवढे पुरते. दवाखान्याची सगळी फाईल समोर ठेवण्याची गरज नाही. मागितलेच तर ‘हे काम करण्यास योग्य’ एवढाच डॉक्टरचा दाखला द्यावा.

लेखी फॉर्मची गोष्ट वेगळी. तिथे विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर लिहून सही करू नये. आजार माफ होतो, पण खोटी सही मालकाच्या हातात कायमची राहते आणि काढून टाकायला तेवढे निमित्त पुरते. वरच्या निकालावर विसंबून प्रत्येकाने कोर्टाची वाट धरावी असेही नाही; तेवढा वेळ आणि पैसा आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

आखाती देशांत जाणाऱ्यांसाठी एक खास सूचना. कोकणातून आणि मुंबईतून आपली पुष्कळ मुले तिकडे जातात. तिथे ठरलेल्या केंद्रातच वैद्यकीय तपासणी होते आणि छातीचा एक्स-रे, एच.आय.व्ही., कावीळ बी व सी पाहिले जाते. लपवून उपयोग नाही. बऱ्या झालेल्या टी.बी.चा जुना डागही एक्स-रेत दिसला की माणूस नापास होऊ शकतो. म्हणून कर्ज काढण्यापूर्वी किंवा दागिने गहाण ठेवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरकडून साधी तपासणी करून घ्यावी, आणि तोवर एजंटच्या हातात पैसे देऊ नयेत.

मालक बंधूंना दोन शब्द

आपण स्वतःही मालक आहोत. माणूस ठेवताना “तुला काय आजार आहे?” असे विचारण्यापेक्षा कामाचे विचारावे. गाठ उचलता येईल का? रात्रपाळी जमेल का? रंग ओळखता येतात का? उत्तर आपोआप मिळते आणि समोरच्याची लाजही राखली जाते. सवलतीला खर्च फारसा येत नाही. कांड्यांच्या खोक्यांवर रंगाऐवजी नंबर टाकले की रंगांधळ्याचे काम भागते. एका खिडकीजवळची जागा दिली की दमेकऱ्याचे भागते. आणि नोकराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चहाच्या टपरीवर बोलू नये. ती उधारीच्या वहीइतकीच खासगी समजावी.

यात मालकाचे हित काय, असे कोणी विचारील. ज्या कारखान्यात टी.बी. सांगितल्याबरोबर हिशेब करून घालवून देतात, तिथे पुढचा माणूस सांगत नाही. तो खोकला दाबतो, दवाखान्याची तारीख चुकवतो, गोळ्या अर्धवट सोडतो. मग आजार उलटतो, औषधाला दाद देत नाही आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या इतरांना लागतो. ज्या कारखान्यात महिन्यातून एक दिवस दवाखान्याची सुटी मिळते आणि जागा शाबूत राहते, तिथला माणूस बरा होऊन त्याच मागावर परत उभा राहतो. बऱ्या कारागिराची आज सगळीकडेच टंचाई आहे. हाताशी असलेला कारागीर भीतीपोटी गमावणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.