मोफत संकेतस्थळ : फायदा किती, जोखीम किती?

मंडळाच्या सभेत संकेतस्थळाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "फुकट मिळत असताना पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे. ब्लॉगर, वर्डप्रेस डॉट कॉम, गूगल साइट्स यांवर विनामूल्य जागा मिळते, सर्व्हरची देखभाल कंपनी करते आणि तंत्रज्ञाशिवाय पहिले पान तयार होते. कार्यक्रमाच्या सूचना व थोडे फोटो यांसाठी एवढे पुरते.

आता खर्चाची बाजू. पत्त्यात मंडळाच्या नावाला कंपनीचे नाव चिकटते. वर्डप्रेसच्या मोफत योजनेत त्यांच्या जाहिराती दिसतात. मोठी जोखीम मात्र सेवाच बंद होण्याची. जिओसिटीज ही लोकप्रिय मोफत सेवा याहूने १९९९ मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये, जपान वगळता, बंद केली. ज्यांच्याकडे प्रत नव्हती, त्यांची पाने गेली.

दुसरी जोखीम आपल्याच घरची. खाते एखाद्या सचिवाच्या वैयक्तिक ईमेलवर असते. ते गाव सोडतात, पासवर्डही जातो. गूगलचे वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरले नाही तर कंपनी ते काढून टाकू शकते.

म्हणून सुरुवात मोफत जागेवर जरूर करावी, पण तीन पथ्ये पाळावीत. डोमेन विकत घेऊन मंडळाच्याच नावे नोंदवावे. ब्लॉगरवर ते वेगळे शुल्क न देता जोडता येते. खाते मंडळाच्या ईमेलवर असावे आणि पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे. जुन्या स्मरणिका, छायाचित्रे यांची प्रत दर तिमाहीला हार्ड डिस्कवर घ्यावी. जागा दुसऱ्याची चालेल. ठेव आपल्याच ताब्यात हवी.