बदलाची तारीख कोणाची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार थांबवला. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही; सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या यायच्या थांबल्या. पुढची आवृत्ती, विंडोज ११, फुकटच मिळते, पण तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक, कितीही ठणठणीत असले तरी, अपात्र. यावर लोक चिडले, की जाणकारांचं उत्तर ठरलेलं असतं: लोकांना बदल नकोच असतो. हे निदान मला चुकीचं वाटतं. याच लोकांनी २०१६ मध्ये आलेलं यूपीआय बघता बघता अंगवळणी पाडून घेतलं. नोटाबंदीने धक्का दिला हे खरं, पण नोटा परत आल्यावरही भाजीच्या गाडीवरचा क्यूआर कोड कोणी उतरवला नाही, कारण सुट्ट्या पैशांची कटकट मिटली होती. माणसं हरकत घेतात ती बदलाच्या हिशेबाला: फायदा कोणाचा, भुर्दंड कोणाला आणि तारीख कोणी ठरवली.

मराठी छपाईच्या धंद्यात हा हिशेब अगदी उघडा दिसतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, निवडणुकीची पत्रकं हे सगळं डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपीसारखे फॉन्ट यांवर झालं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. जुन्या फॉन्टांची युक्ती अशी की इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरी आकार बसवायचे. पडद्यावर ‘क’ दिसतो, फाइलमध्ये मात्र असतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की चिन्हांची खिचडी हाती येते आणि शोधायला गेलं तर एकही मराठी शब्द सापडत नाही. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं युनिकोड याहून निर्विवाद सरस आहे आणि देवनागरी त्यात १९९१ पासून आहे. तरीही ऑपरेटर जुन्याला धरून राहतो, याची कारणं त्याच्या टेबलावरच असतात. बोटं एका कळफलकावर बसलेली असतात. गिऱ्हाईक गेल्या वर्षीचाच मजकूर तारीख बदलून मागतं. फाइल युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षर फुटलं किंवा रफार शेजारच्या अक्षरावर सरकला, तर पुन्हा सगळं प्रूफ वाचायचं, आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. त्यातच पेजमेकरवाल्या अडोबी कंपनीने २०१३ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या एकरकमी विकण्याऐवजी वर्गणीवर द्यायचं ठरवलं. सुधारणेचा लाभ उद्या सगळ्यांना मिळणार असेलही, पण तिचा खर्च आज या एका दुकानावर पडतो. अशा माणसाला आळशी म्हणणं सोपं आहे. त्याचं गणित चुकलंय हे दाखवणं तितकं सोपं नाही.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप सुरक्षेचा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातले संगणक ओलीस धरले, ब्रिटनमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारा तुकडा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो बसवला नाही त्यांना फटका बसला. तेव्हा अपडेट टाळणं धोक्याचं आहे, यात वाद नाही. पण लोक ते का टाळतात, हेही बघायला हवं. दुरुस्तीच्या त्याच गाठोड्यात कधी जाहिराती येतात, कधी नको असलेला मदतनीस, कधी जागा बदललेली बटणं. कुलूप दुरुस्त करायला आलेला माणूस दरवेळी स्वयंपाकघराची मांडामांड बदलून जाऊ लागला, तर लोक त्याला दारातूनच परत पाठवतील. सुरक्षेची दुरुस्ती वेगळी आणि सजावट वेगळी ठेवली, तर हा विरोध निम्म्याने तरी कमी होईल, असा माझा कयास आहे.

दुसरा आक्षेप असा की लोक कुरकुरतात आणि मग विसरतात. ऑफिस २००७ मध्ये जुने मेनू जाऊन रिबन आली तेव्हा केवढी ओरड झाली होती; आज तिच्याशिवाय काम करायला सांगितलं तर तेच लोक अडखळतील. हे मान्य. पण २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्टचं बटण काढलं, तेव्हा लोक विसरले नाहीत. वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं आणि २०१५ मध्ये विंडोज १० सोबत पूर्ण मेनूही. टॅबलेटसाठी आखलेला पडदा माउसने काम करणाऱ्यांच्या माथी मारला होता. लोकांचं म्हणणं बरोबर होतं. प्रत्येक तक्रार खरी नसते, पण ‘होईल सवय’ हे एकच उत्तर दोन्हींना लावलं की खरी तक्रार कोणती हे कंपनीलाही कळेनासं होतं.

तारीख कंपनीच्या हातात असली तरी ती दगडावरची रेघ नसते. विंडोज १० ला आणखी एक वर्ष दुरुस्त्या मिळवायच्या, तर मायक्रोसॉफ्टने तीन वाटा ठेवल्या: तीस डॉलर भरा, कंपनीचे बक्षीस-गुण खर्चा किंवा आपली सेटिंग तिच्या क्लाउडवर ठेवा. युरोपात ग्राहक संघटनांनी हरकत घेतल्यावर तिथल्या लोकांसाठी ही क्लाउडची अट काढली गेली. भारतातल्या वापरकर्त्याला ती सवलत मिळाली नाही. युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनना विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ब्रिटनमध्ये २०२४ पासून फोनसारख्या जोडल्या जाणाऱ्या उपकरणांसाठी सुरक्षेचा आधार किती काळ मिळेल ते जाहीर करावं लागतं. आपल्याकडे खोक्यावर किंमत, वजन, उत्पादनाचा महिना छापायची सक्ती जुनीच आहे. त्याच खोक्यावर ‘अमुक सालापर्यंत दुरुस्ती मिळेल’ ही एक ओळ छापायला लावणं ग्राहक संघटनांच्या आवाक्याबाहेरचं नाही.