नागीण वेढा का घालीत नाही?

श्रोतेहो, नागिणीचे तोंड नि शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी समजूत आपल्याकडे गावोगाव आहे. बरगडीवर फोडांचा पट्टा उठला की घरातली जाणती माणसे रोज बोटांनी मोजतात, किती सरकली म्हणून. रोग्याचा निम्मा जीव या धास्तीनेच जातो.

पण वेढा सहसा पुरा होतच नाही. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. जोडीतला उजवा तंतू उजव्या अंगाचा, डावा डाव्याचा. अंगावरची कातडी त्यांनी पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घेतली आहे, भावांनी शेत वाटून घ्यावे तशी. (मानेतल्या पहिल्या जोडीच्या वाट्याला बहुधा कातडी येत नाही.) बेंबीभोवतीचा पट्टा छातीच्या दहाव्या तंतूचा, हाताचा अंगठा मानेच्या सहाव्याचा, करंगळी आठव्याची. हातापायांवर हे पट्टे लांबट ओढलेले दिसतात. माणूस बैलासारखा चार पायांवर उभा आहे अशी कल्पना करा, म्हणजे त्यांचा क्रम ध्यानात येईल. शेताचे बांध पक्के असतात, इथले तसे नाहीत. शेजारचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात. म्हणून एखादाच तंतू निकामी झाला तरी त्याचा सबंध पट्टा बधिर होत नाही.

आता नागिणीकडे वळू. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. तंतूच्या मुळाशी असलेल्या गाठीत तो दडून बसतो. पुढे वय झाले, शक्ती खालावली, की जागा होतो आणि त्याच तंतूने कातडीवर उतरतो. फोड त्या तंतूच्या पट्ट्यातच उठतात आणि पोटाच्या मध्यरेषेशी थांबतात. इंग्लंडात हेड आणि कॅम्बेल या डॉक्टरांनी १९०० साली नागिणीच्या रोग्यांवरूनच या पट्ट्यांचा नकाशा मांडला. नागीण आपली आपण थांबते, श्रेय मात्र मांत्रिकाला मिळते!

क्वचित, फार अशक्त माणसाच्या अंगभर फोड पसरतात. ते दुखणे गंभीर खरे, पण तोंड-शेपूट जुळल्यामुळे नव्हे.

गेरूच्या लेपात दिवस घालवू नका. फोड उठल्यापासून तीन दिवसांत डॉक्टरांचे औषध सुरू झाले तर गुण चांगला येतो. म्हाताऱ्यांना फोड सुकल्यावरही महिनोन् महिने ठणका राहतो. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तो तंतू मेंदूतून येतो आणि डोळ्यालाही जातो, दृष्टी जाऊ शकते. आणि फोडांवर खपली धरेपर्यंत, कांजिण्या न आलेली मुले आणि गरोदर बाया यांना रोग्यापासून दूर ठेवावे.