गॉल : तटबंदीआडचे डच नगर

श्रीलंकेतील कसोटी सामने दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना गॉलच्या मैदानामागची भव्य तटबंदी परिचित असते. त्या तटाच्या आत सतराव्या-अठराव्या शतकांतील एक डच नगर आजही नांदते आहे, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते.

येथे प्रथम किल्ला बांधला तो पोर्तुगीजांनी. १६४० मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने तो जिंकून घेतला आणि चौदा बुरुजांची भक्कम तटबंदी उभारली. १७९६ मध्ये गॉल इंग्रजांच्या हाती गेले. हे सत्तांतर जुन्या प्रवेशद्वारावरच वाचता येते. बाहेरच्या बाजूस ब्रिटिश राजचिन्ह आहे, तर आतल्या बाजूस १६६९ हे साल आणि डच कंपनीची मुद्रा. मुद्रेवर कोंबडा विराजमान आहे.

डचांनी येथे हॉलंडची नक्कल केली नाही, हे या वास्तुशैलीचे मर्म होय. पाऊस, ऊन आणि खारा वारा ध्यानात घेऊन त्यांनी स्थानिक कारागिरांच्या हातून प्रवाळ व चुन्याच्या जाड भिंती रचल्या. रस्त्यालगत लाकडी खांबांची ओसरी, उतरते कौलारू छप्पर आणि मधोमध चौक, ही घरांची सर्वसाधारण रचना. हवा खेळती राहावी, हा त्यामागील हेतू. भूमिगत गटारेही अशी योजली होती, की समुद्राच्या पाण्याने ती धुऊन निघावीत. दालचिनी आणि अन्य मालाचे प्रचंड कोठार, तसेच १७५५ चे डच चर्च आजही उभे आहे. चर्चच्या फरशीत जुने थडग्यांचे शिलालेख बसवलेले दिसतात. ‘लेन बान’ या रस्त्याच्या नावात तर दोरखंड वळण्याच्या जागेची आठवण उरली आहे.

‘युनेस्को’ने १९८८ मध्ये या नगराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने बाहेरचे शहर उद्ध्वस्त केले. तटाच्या आतील वस्ती मात्र बव्हंशी बचावली.

आता संकट निराळे आहे. सिंहली, मुस्लिम आणि तमिळ कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या राबत्या ठेवलेल्या घरांपैकी अनेक घरे विकली जाऊन तेथे हॉटेले आणि दुकाने थाटली गेली. पर्यटनामुळे भिंतींची डागडुजी होते, हे खरे. पण रहिवासीच निघून गेले, तर नगराचा केवळ देखावा उरेल.

याच डच कंपनीने १६३७ मध्ये आपल्या वेंगुर्ल्यातही वखार घातली होती. ओस पडलेली ती वास्तू दीर्घकाळ पडझड सोसत राहिली. माणसांची वर्दळ सरली, की दगडचुन्याचे बांधकामही फार काळ तग धरत नाही. गॉल टिकले ते तटबंदीमुळे, तितकेच तेथे चुली पेटत राहिल्या म्हणून.