नव्या विंडोजवर लेखा सॉफ्टवेअर अडते तेव्हा. आधी बॅकअप, मग दुरुस्ती

नवी दिल्ली : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबविल्यानंतर अनेक व्यापारी व कर सल्लागार विंडोज ११ कडे वळत आहेत. मात्र नव्या संगणकावर लेखा सॉफ्टवेअर अद्ययावत करताना इन्स्टॉलेशन मध्येच थांबल्याचा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी जुने फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करणे धोक्याचे ठरू शकते, कारण काही सॉफ्टवेअरमध्ये हिशेबाची माहिती त्याच फोल्डरमध्ये साठविलेली असते.

कंपनी कायदा, २०१३ नुसार कंपन्यांना किमान ८ आर्थिक वर्षांची हिशेबपुस्तके जतन करावी लागतात. जीएसटी कायद्यानुसार नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणे बंधनकारक आहे. त्यामुळे पहिली पायरी बॅकअपची. तो बाह्य ड्राइव्हवर घ्यावा आणि पुन्हा उघडतो की नाही, हे तपासावे.

त्यानंतर त्रुटीचा क्रमांक पाहावा. १६१८ म्हणजे दुसरे इन्स्टॉलेशन आधीच सुरू आहे. ते पूर्ण होऊ द्यावे अथवा संगणक पुन्हा सुरू करावा. १६०३ ही सर्वसाधारण त्रुटी असून फोल्डरवरील अपुरे अधिकार हे तिचे एक प्रमुख कारण आहे. सेटअप फाइलवर राइट-क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ हा पर्याय निवडल्यास अधिकारांची अडचण बहुधा दूर होते.

जुन्या सॉफ्टवेअरला डॉटनेट फ्रेमवर्क ३.५ लागते. विंडोज ११ मध्ये ते आपोआप सुरू नसते. ते स्वतंत्रपणे सुरू करावे लागते. विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात उपलब्ध असल्याने १६-बिट प्रोग्रॅम त्यावर चालत नाहीत. तेथे कम्पॅटिबिलिटी मोडही उपयोगी पडत नाही. नवी आवृत्तीच घ्यावी लागते.

विंडोजच्या सुरक्षा यंत्रणेने फाइल अडविल्यास ती निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घेतली आहे का, हे पाहावे. अँटिव्हायरस कायमचा बंद ठेवू नये.

इन्स्टॉलेशन यशस्वी झाले तरी काम संपत नाही. जुन्या व नव्या आवृत्तीतील तेरीज, म्हणजेच ट्रायल बॅलन्स, आणि पक्षकारांच्या खात्यांतील शिल्लक जुळवून पाहावी. नव्या आवृत्तीत रूपांतरित झालेली माहिती अनेकदा जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून मूळ बॅकअप जपून ठेवणे हिताचे ठरते.